कप्तान आणि मागे राहिलेली सवारी

केनवड-रिसोड रस्त्यावर त्याची काळीपिवळी जीप वेळेवर सुटलेली कोणी पाहिली नाही. एखादी सवारी "आलोच" म्हणून गेली की ती येईपर्यंत हा चावी फिरवत नसे. मग ती दाढीला का बसलेली असेना. आतले शिव्या द्यायचे. हा बोनेटला टेकून म्हणायचा, "ज्याले बसवतो म्हटलं, त्याले सोडून जाची आपल्यात पद्धत नाई."

गाव त्याला 'कप्तान' म्हणे, पण कौतुकानं नव्हे. ते नाव पाडलं मी.

मी शाळेत इतिहास शिकवायचो. सेंट हेलेना बेटावर फ्रेंच बादशहाला कैदेत ठेवलं, हा धडा मी असा रंगवून सांगत असे की जणू शेजारच्या कोठडीत मीच होतो. निवृत्तीनंतर आफ्रिकेत नोकरी करणाऱ्या मुलानं त्या बेटाला जाणाऱ्या जहाजाची दोन तिकिटं काढली. बायकोनं गुडघे दाखवले, म्हणून मी कप्तानला नेलं. जहाजावरही त्याची खोड गेली नाही. जेवणघराच्या दारात उभा राहून तो मागे रेंगाळणाऱ्या गोऱ्या म्हाताऱ्यांना हाका मारी, "चला बाई, जागा हाये!" आणि त्या मुकाट्यानं येत.

बेट आलं. काळा कडा, त्यावर सरळ चढत गेलेला लांबलचक जिना, खाली जुनं बंदर. मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. लहान होडीतून जायचं आणि दोर धरून पायरीवर उतरायचं. होडी सुपातल्या दाण्यासारखी उसळत होती. कप्तान आत बसलासुद्धा. त्या जिन्यावरचा फोटो आणतो, असं तो घरी सांगून आला होता. मी मात्र कठडा सोडेना.

"काहून भेता गुरुजी? या ना!"

"मले नाई जमत रे. तू जाय."

त्यानं एकदा जिन्याकडे पाहिलं आणि परत वर आला. "बादशहाले शिपायांनी तरी उतरवलं. तुमाले कोन उतरवन?" एवढं बोलून तो माझ्याशेजारी बसला आणि दिवसभर मला गूळ-शेंगदाणे चारत राहिला.

गावानं आमच्याकडून मावंदं वसूल केलं, काशीहून आलेल्यानं घालावं तसं जेवण. पंगतीत वाद पेटला: बेटाला पायच लागला नाही, तर मावंदं घालता येतं का? दोन जाणत्यांनी उलटसुलट निकाल दिले. जेवले दोघंही पोटभर. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, "पन गुरुजी, उतरले काहून नाई?"

"उतरतो कसले! आमच्या या कप्तानाचे पाय लटलट कापत होते," मी म्हणून गेलो.

पंगत हसली आणि ते नाव त्याला चिकटलं. तो तूप वाढत होता. माझ्या पानाशी आला, दोन चमचे जास्तच वाढलं आणि हळूच म्हणाला, "घ्या गुरुजी. थकले तुमी."

पुढे रस्त्यात डबकं दिसलं की जीपमधले ओरडत, "कप्तान, होडी आनू काय?" तोही हसे. मागल्या हिवाळ्यात तो गेला. शोकसभेतही कोणीतरी तोच किस्सा सांगितला आणि सगळे साक्षीसाठी माझ्याकडे वळले. मी मान डोलावली.

पाय माझे कापत होते. हे त्याच्यासमोर, भर पंगतीत सांगायचं होतं. रोज मनात "आलोच" म्हणत राहिलो. या खेपेला मात्र त्यानं वाट पाहिली नाही.