मिठाच्या बरणीवरची पाटी

अंबड डेपोच्या भिवा कंडक्टरला तालुक्यातला प्रत्येक थांबा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता यायचा, पण स्वतःच्या घरात जिरे कुठे राहतात हे त्याला निवृत्त झाल्यावरही माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची वेळच आली नव्हती. पहिल्या गाडीची ड्यूटी असली तरी बेबीनंदाचा डबा त्याच्या आधी तयार असायचा. मुक्कामी गाडी असली की रात्र परक्या गावात, एसटीच्याच सीटवर. मग घरी ती एकटी आणि पोरगा प्रेम. तिनं कधी कुरकुर केली नाही, आणि यानंही कधी विचारलं नाही.

तिचे मसाले म्हणजे एक गंमतच होती. बिस्किटांच्या डब्यात तिखट, चहाच्या डब्यात हळद, प्रेम तान्हा असतानाच्या दूधपावडरीच्या डब्यात धने. डब्यावर लिहिलेलं खरं मानणारा माणूस त्या स्वयंपाकघरात उपाशीच मेला असता. सगळा नकाशा तिच्या डोक्यात होता. आणि मागच्या उन्हाळ्यात नेमकी त्याच डोक्यात रक्ताची गाठ अडकली.

शेजारच्या रिक्षावाल्यानं वेळेवर जालन्याला पोचवलं म्हणून ती वाचली. उजवा हात लुळा पडला, आणि शब्दांची अदलाबदल झाली. मनात एक, तोंडात भलतंच. डॉक्टरांनी भिवाला बाजूला घेऊन बजावलं, की त्यांना बोलत ठेवा. चुकलं तरी बोलू द्या. गप्प बसल्या तर आहेत ते शब्दही जातील.

आता भिवा ओट्याशी उभा राहायचा आणि ती स्टुलावर बसून सांगायची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, राजूर द्या. भिवाला वाटलं, हिला गणपतीच्या गावाला जायचंय की काय. तिनं चिडून डाव्या हातानं चहाच्या डब्याकडे बोट केलं. राजूर म्हणजे हळद. जिरे म्हणजे घनसावंगी, धने म्हणजे परतूर. जन्मभर नवऱ्याच्या तोंडून ऐकलेले थांबेच तेवढे तिच्यापाशी शिल्लक राहिले होते. तिखटाला ती तिकीट म्हणायची, ते तरी जवळपासचं होतं. "तिकीट कमी टाका," असं बायकोनं सांगितल्यावर कंडक्टरनं हसायचं नाही तर काय करायचं? पण तो हसला नाही. ती बोलतेय, याचंच त्याला इतकं अप्रूप होतं की तिनं हळदीला विमान म्हटलं असतं तरी त्यानं हळद दिली असती.

मिठाची पाळी आली तेव्हा मात्र त्याचा हात थांबला.

"भिवा घाला जरा," ती म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तिला आमटीत मीठ हवं होतं इतकंच. लग्नातल्या उखाण्यानंतर या बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. घरी कुणी माणसं मोजायला आलं की ती नवऱ्याचं नाव सांगायला प्रेमला पुढे करायची. आणि आता दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला त्याचं नाव. भिवा मनातून सुखावला, खोटं कशाला बोला.

पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. शेजारची गोजरबाई भेटायला आली होती. भाजी चाखून बेबीनंदा म्हणाली, आज भिवा जास्त झाला. गोजरबाईला हसू आवरेना. तिच्या मनात पाप नव्हतं, पण पोटात गोष्टही राहत नव्हती. दुसऱ्या दिवशी नळावरच्या बायका भिवाला बघून पदर तोंडाला लावू लागल्या. बेबीनंदाला शब्द सापडत नव्हते, कळत मात्र सगळं होतं. ती गप्प झाली. हवं ते बोटानं दाखवायची, नाही सापडलं तर सोडून द्यायची.

त्याच आठवड्यात संभाजीनगरहून सून आली. सुमेधा शाळेत शिक्षिका आहे, जीव लावणारी पोर. सासऱ्याची तारांबळ पाहून तिनं काचेच्या एकसारख्या बरण्या आणल्या होत्या, प्रत्येकीवर छापील अक्षरांत हळद, जिरे, धने, मीठ. सगळं भरून फळीवर मांडून ती म्हणाली, "आता कुणाला विचारायची गरजच नाही, पप्पा."

फळी देखणी दिसत होती आणि स्वयंपाकही झटपट होऊ लागला. पण विचारायची गरज उरली नाही, तसं बेबीनंदाला बोलायचं कारणही उरलं नाही. त्यात झाकणं फिरकीची, दोन हातांची. एकदा तिनं बरणी छातीशी धरून डाव्या हातानं झाकण फिरवायचा प्रयत्न केला आणि हळूच परत ठेवून दिली. भिवानं ते दारातून पाहिलं. डॉक्टरांचं बोलणं त्याच्या कानात घुमू लागलं.

दुसऱ्या दिवशी तो जालन्याची गाडी पकडून जुन्या जालन्यातल्या भांड्यांच्या दुकानात गेला. दुकानदारानं स्टील दाखवलं, प्लास्टिक दाखवलं, चिनी मातीच्या बरण्या दाखवल्या. भिवा उजवा हात पाठीमागे धरायचा आणि डाव्या हातानं प्रत्येक झाकण उघडून बघायचा. स्टीलचा डबा हाताबरोबर उचलून यायचा. हलकं प्लास्टिक घसरायचं. दुकानदारानं शेवटी विचारलंच, "काका, हाताला काही झालंय का?"

"मला न्हाई, मालकिणीला झालंय," भिवा म्हणाला. "बराबर बसकं बूड पाह्यजे, अंगठ्यानं उघडंल असं झाकण पाह्यजे, अन् बरणीला मान पाह्यजे."

"मान कशाला?"

"पाटी लटकवायला."

एसटीच्या जुन्या पाटीला दोन बाजू असायच्या. जाताना अंबड–जालना, आणि जालन्याला पोचलं की पाटी पलटायची, जालना–अंबड. चिनी मातीच्या बरण्या घरी आणून भिवानं जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले, दोऱ्या ओवल्या आणि सुमेधाला सांगितलं, अक्षर तुझं चांगलं आहे, एका बाजूला तुझे शब्द लिही, दुसऱ्या बाजूला तिचे. सुमेधानं फळीवरच्या काचेच्या बरण्यांकडे पाहिलं. मग तिनं त्या बरण्या डाळींसाठी वरच्या फळीवर ठेवल्या आणि लिहायला बसली. शेवटच्या पाटीवर 'भिवा' लिहायचं आलं तेव्हा तिनं मान वर करून विचारलं, हे कशाचं? मिठाचं, असं सासऱ्यानं सांगितल्यावर तिनं मान खाली घातली आणि ती दोन अक्षरं सगळ्यांत जपून काढली.

संध्याकाळी बेबीनंदा स्टुलावर येऊन बसली. वाचता तिला यायचं, फक्त सावकाश. फळीवर राजूर, घनसावंगी, परतूर, तिकीट अशा पाट्या ओळीनं लटकलेल्या. ती बघतच राहिली. मग आजारपणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसली, आणि म्हणाली, "राजूर द्या."

भिवानं राजूर दिलं.

त्यानंतर ती पुन्हा बोलू लागली. उन्हाळा सरला, थंडी आली, तसे खरे शब्दही एकेक करून घरी परतू लागले. आधी जिरे आले. त्या दिवशी भिवानं पाटी पलटली आणि चमच्यानं बरणीवर दोनदा टणटण केलं, गाडी सोडायची कंडक्टरची घंटा. मग हळद, मग धने. तिखट बरेच दिवस तिकीटच राहिलं, पण तेही आलं. रोज संध्याकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावताना भिवा मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानायचा. रिक्षावाल्याचे, डॉक्टरांचे, सुनेचे, अगदी गोजरबाईचेही, कारण तीच आता रोज येऊन बेबीनंदाला तासभर बोलतं ठेवायची. आणि सगळ्यांत जास्त त्या बाईचे, जिचे आभार मानायचे असतात हे त्याला इतकी वर्षं सुचलंच नव्हतं.

एक मिठाची पाटी तेवढी राहिली होती.

परवा आमटीला उकळी फुटली. बेबीनंदानं चमच्यानं चाखून पाहिली आणि सहज म्हणाली, "मीठ कमी हाय."

भिवाचे डोळे भरून आले. शेवटचा शब्दही घरी आला होता, याहून काय हवं? पण पाटीकडे जाताना त्याचा हात जरा रेंगाळला. आता हे नाव पुन्हा कधी ऐकायला मिळणार नव्हतं. तरी ड्यूटी म्हणजे ड्यूटी. त्यानं पाटी पलटली आणि घंटा दिली.

बेबीनंदा स्टुलावरून उठली. तिनं आपला तो उजवा, नुकताच थोडा हलू लागलेला हात पुढे केला आणि पाटी पुन्हा फिरवली. 'भिवा' वर आला.

"हिला राहू द्या," ती म्हणाली. "ही गाडी आता मुक्कामी हाय."

भिवानं आमटीत मीठ घातलं. ते जरा जास्तच पडलं, पण दोघांनी दोनदा वाढून घेतली.