तंबूचा उंबरा

त्या हिवाळ्यात जमीन गुरगुरायची. आधी आम्हाला वाटलं, खाणीत सुरुंग लावतायत. मग भूकंपाच्या धक्क्यांनी भांडी वाजायला लागली, भिंतींना तडे गेले आणि तलासरीकडची माणसं थंडीत अंगणात झोपायला लागली.

मी तेव्हा डहाणूजवळच्या एका उद्यानात शाळांची हिवाळी निसर्ग शिबिरं घ्यायचे. पक्षी ओळखा, पाऊलखुणा बघा, तंबू उभारा, संध्याकाळी घरी. शहरातल्या शाळांनी त्या वर्षी पटापट नकार कळवले. तलासरीकडच्या शाळा मात्र आल्या. एका गुरुजींनी सरळच सांगितलं, "इथे डोक्यावर छप्पर नाही, तेवढंच बरं."

एरवी तंबू म्हणजे पोरांचा नुसता दंगा. या पोरांनी आवाजच केला नाही. मला ते बघवेना. मी उगाच खेकसले, "अरे, परीक्षा आहे का तुमची?" कोणी हसलं नाही. वेवजी गावातली एक सातवीतली मुलगी खुंटी ठोकायची, उपटायची, परत ठोकायची. शेवटी जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तंबू म्हणजे घर का बाहेर?"

"असं का गं विचारतेस?"

तिची आई कालच बाळंत झाली होती. पाचवी पुजेपर्यंत बाळंतिणीने घराबाहेर पडायचं नाही, असं आजीचं म्हणणं. म्हणून बाकी सगळे अंगणात, आणि आई न् तान्हं बाळ तेवढे कौलांखाली.

"घरच," मी ठोकून दिलं. "दार असतं की त्याला."

शिबिर संपल्यावर एक तंबू उचलला आणि त्यांच्याच गाडीत बसले. कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उद्यानाचे साहेब म्हणाले असते, अर्ज करा.

पोरीने अंगणाच्या टोकाला, भिंतीपासून लांब, तंबू उभा केला. आजी कमरेवर हात ठेवून बघत होती. मी समजवायला गेले तर तिने मला गप्प केलं. "शिकवायचं ते तिकडं शिकव, बाय. याला उंबरा कुठाय?"

आली का पंचाईत! मी काही बोलायच्या आत पोरगी घरातून मुसळ घेऊन आली आणि तंबूच्या तोंडाशी आडवं ठेवलं. आजीने वाकून ते सरळ केलं, हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "आणा तिला."

अंगण ओलांडताना शेजारच्या दोघींनी आईच्या डोक्यावर लुगडं ताणून धरलं, आभाळ लागू नये म्हणून. आई बाळाला घेऊन मुसळ ओलांडून आत गेली. मला हुश्श झालं. तोच आजी वळली आणि घराकडे चालू लागली.

"बाळ जन्मलं त्या जागेवर पाचवीपर्यंत दिवा पायजे," ती म्हणाली. "आणि दिव्यापाशी माणूस." तिचा लेक, पोरीचा बाप, "आये, आये" करत मागे गेला. तिने त्याला बाहेर ठेवून आतून दार ओढून घेतलं.

दिवस मावळत होता. मी निघणार, तेवढ्यात पायाखालून तो आवाज आला. कौलं खडखडली, दोन-तीन घसरून अंगणात फुटली. पोरगी तंबूची दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरून घराच्या दाराकडे बघत होती. सगळेच बघत होते. आत काही हालचाल नव्हती. त्या म्हातारीचा मला इतका राग आला की रडू फुटलं.

मग आतून खोकला ऐकू आला. "दिवा हाय," आजी म्हणाली.

पोरीने दोरी सोडली. पाचवीला अजून तीन रात्री बाकी होत्या.