फुलीखालचे ठिपके

अख्खा नेमबाजी क्लब त्यांना उस्ताद म्हणायचा आणि उस्तादांना ते ऐकायला आवडायचं. उभी हयात पहारेकऱ्याच्या नोकरीत गेली. नळीच्या टोकावरची उघडी खूण लक्ष्याशी जुळवायची आणि चाप ओढायचा, एवढीच त्यांची विद्या. पण तिच्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निवृत्तीनंतर ते क्लबात फुकट शिकवू लागले. मुलाला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. सून मात्र त्यांच्याकडून रायफल शिकली आणि बघता बघता सगळ्या शिष्यांच्या पुढे गेली.

मग क्लबात दुर्बिणी लावलेल्या रायफली आल्या. सुनेनेही हौसेने एक दुर्बीण घेतली. आत डोकावलं की मधोमध बारीक फुली दिसे, आणि तिच्या उभ्या रेषेवर खाली ठिपके. बाहेर एक कडं होतं. ते फिरवलं की लक्ष्य मोठं किंवा लहान दिसे.

"बाबा, हे ठिपके कशाला?" तिने विचारलं.

उस्तादांनी असली वस्तू पहिल्यांदाच हातात घेतली होती. पण चार माणसं ऐकत होती.

"गोळी जाता जाता खाली येते ना? लक्ष्य लांब असलं की फुलीऐवजी खालचा ठिपका त्याच्यावर ठेवायचा. नळी आपोआप तेवढी वर होते." इथवर त्यांचा अंदाज बरोबर होता.

"आणि कडं फिरवलं तर?"

"कड्याचा काही संबंध नाही. चित्र मोठं दिसतं, बस्स."

सरावात ती कायम सगळ्यात मोठं चित्र ठेवायची, त्यामुळे ठिपके बरोबर जुळत. स्पर्धेत मात्र लक्ष्यं विखुरलेली होती. ती शोधताना एकदम जास्त भाग दिसावा म्हणून तिने कडं मागे फिरवून चित्र लहान केलं आणि तसंच ठेवलं. लांबच्या लक्ष्यांवर झाडलेली एकूण एक गोळी वरून निघून गेली.

"कुठं चुकलं, बाबा?" तिने सगळ्यांसमोरच विचारलं.

"श्वास," उस्ताद म्हणाले. "ऐन वेळेला घाबरलीस."

तिने मान डोलावली. घरी आल्यावर दुर्बीण काढून कपाटात ठेवली आणि म्हणाली, "राहू दे आता. माझ्यात तेवढी धमक नाही."

एका दुपारी उस्तादांनी ती दुर्बीण बाहेर काढली. दुर्बिणीतच खोट असेल तर बरं, असं मनातून वाटत होतं. खिडकीच्या गजावर टेकवून त्यांनी समोरच्या विटांच्या भिंतीकडे पाहिलं. फुली एका विटेवर ठेवली तर शेवटचा ठिपका दोन विटा खाली येत होता. त्यांनी कडं फिरवलं. विटा लहान झाल्या. फुली आणि ठिपके होते तेवढेच राहिले. तोच ठिपका आता चार विटा खाली होता. म्हणजे ठिपक्यांचं माप एकाच मोठेपणाला खरं. चित्र निम्मं केलं की माप दुप्पट. पोरीने दुप्पट वर नेम धरला होता, तोही त्यांच्या शब्दावर विसंबून.

"बाबा, चहा ठेवू का?" स्वयंपाकघरातून हाक आली.

"ठेव," ते म्हणाले आणि दुर्बीण परत कपाटात ठेवली.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प राहिले. पुढच्याच आठवड्यात क्लबचे सेक्रेटरी म्हणाले, "काय उस्ताद, सूनबाईंनी ढगातली पाखरं पाडली म्हणे." सगळे हसले. उस्तादही हसले. स्वतःचं ते हसू त्यांनी कानांनी ऐकलं आणि कानशिलं तापली. पण हसू काही परत घेता आलं नाही.

त्या रात्री त्यांच्या ताटातली भाजी तशीच राहिली. "भाजी बिघडली का?" सुनेने विचारलं.

"तुझा श्वास चुकला नव्हता," ते ताटाकडे बघत म्हणाले. मग कड्याचं, ठिपक्यांचं सगळं सांगितलं. क्लबातलं हसणंही सांगितलं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"झाले आठ दिवस."

"माहीत नव्हतं, ते मी समजू शकते," ती सावकाश म्हणाली. "पण कळल्यावरही मला तसंच राहू दिलंत?"

"अगं जाऊ दे, वय झालंय त्यांचं," मुलगा मध्ये पडला.

"वयावर ढकलू नकोस," उस्ताद म्हणाले.

दुसऱ्या दिवशी क्लबात त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून चूक कोणाची ते सांगितलं. दोघा-तिघांनी "होतं असं कधी कधी" म्हणून विषय बदलला. सेक्रेटरी घड्याळ बघत राहिले.

सून परत क्लबात येऊ लागली, पण दुसऱ्या प्रशिक्षक बाईंकडे. घरात ती पहिल्यासारखीच वागे, त्यांच्याशी बातम्यांवरून वादही घाली. नेमबाजीचं मात्र काहीच विचारत नसे, आणि आपण होऊन सांगायला त्यांना तोंड नव्हतं.

पुढच्या स्पर्धेला ती पहाटे निघाली तेव्हा 'येऊ का?' हे त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी नुसती तिची बॅग खाली रिक्षापर्यंत नेऊन दिली.

"बाबा, मला उशीर होईल," रिक्षात बसताना ती म्हणाली. "वेळेवर जेवून घ्या."

"बरं," ते म्हणाले.