माशीच्या नजरेतले कोंडिराम

संघप्रिया काय काम करते, हे तिच्या आईला आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. खारीगावातल्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये कुणी विचारलंच, तर आई "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळी होते. खरं सांगायचं तर पोरगी एका गांधीलमाशीच्या मागे लागलेली आहे. ही माशी जमिनीत बीळ करून एकटी राहते. बाहेर पडली की लगेच उडून जात नाही. तोंड बिळाकडे वळवते, डावीउजवीकडे झोके घेत मागे मागे सरकते आणि आजूबाजूचं सगळं डोळ्यांत भरून घेते. घर पुन्हा सापडायला हवं ना! ती नेमकं काय बघते नि त्यावरून परत कशी येते, याचं गणित मांडायचं, कॉम्प्युटरमध्ये एक खोटी माशी उडवायची आणि ती घरी पोचते का ते बघायचं, हे संघप्रियाचं काम. नोकरी एका संशोधन संस्थेत, कंत्राटी, पण जीव ओतून करायची.

बिळं सापडली चेण्याला, घोडबंदर रोडपासून आत, एका मोकळ्या प्लॉटवर. कोंडिराम आणि कमळाबाई हे म्हातारं जोडपं तिथं राखणीला होतं, पत्र्याच्या खोलीत. मूळचे नांदेडकडचे. संघप्रियानं पहिल्याच दिवशी जय भीम केला आणि कमळाबाईंनी तिला लेकच करून टाकलं. चहा घेतल्याशिवाय कामाला हात लावू द्यायच्या नाहीत.

कोंडिरामांना फोटोचं वावडं होतं. मोबाइल समोर आला की खांद्यावरचा टॉवेल तोंडावर. मुलगा रवी यावरून वैतागायचा. त्याच्या लग्नाच्या अल्बममध्ये बापाच्या जागी टॉवेलच आहे. संघप्रियाचा कॅमेरा मात्र जमिनीलगत असायचा, मुठीएवढा, चारी दिशांचं एका दमात टिपणारा. कोंडिराम उकिडवे बसून त्यात डोकावले.

"ह्यात मी येतो का?"

"नाही बाबा. माशीला दिसतं तेवढंच येतं. तिला माणसाचा चेहरा काय कळणार?"

हे अर्धं खरं होतं. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ यायचं; माशीच्या नजरेइतकं अंधुक ते नंतर कॉम्प्युटरवर केलं जायचं. पण म्हाताऱ्याची समजूत पटली. मग ते रोज सकाळी बाजेवर निवांत बसायचे, तोंडावर टॉवेल न घेता, मधूनच त्या डब्याकडे बघून हसायचेसुद्धा.

एकदा मजा झाली. मधे येणारा अडथळा म्हणून संघप्रियानं त्या चित्रांतून कोंडिरामांना पुसून टाकलं, तर खोटी माशी बीळ सोडून भलतीकडेच भिरभिरू लागली. पुन्हा जागेवर बसवलं, तशी सरळ घरी आली. रोज ठरलेल्या ठिकाणी बसणारा माणूस, माशीच्या हिशेबी ते एक झाडच होतं. हे ऐकून कमळाबाई पोट धरून हसल्या. "माशीला बरे सापडले! मला तर कामाच्या वक्ताला कधी जाग्यावर दिसले न्हाईत."

दिवाळीनंतर कोंडिराम गेले. छातीत कळ आली आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं आटोपलं.

चार दिवसांनी कमळाबाईंचा फोन आला. "लेकी, रविवारी ह्यांचं पुण्यानुमोदन हाय. फोटू ठिवावा लागतो. आधार कार्डावरचा हाय, पर त्यात ह्ये चोरावानी दिसत्यात. तू येवढे फोटू काढलेस. ह्ये हसायचे तुज्या डब्याकडं, मी बघितलंय. त्यातला एक दे माय."

पण ते फोटो आता नव्हतेच. संस्थेच्या सर्व्हरवर जागा उरली नव्हती. मोठे फोटो काढून टाका, अंधुक, बारीक केलेले ठेवा, असा निरोप आला होता आणि तिनं स्वतःच्या हातानं ते पुसले होते. कामाला लागत होते बारीकच. उरलेल्या हजारो चित्रांत कोंडिराम होते, एकूण एक चित्रात होते, पण काळसर डाग होऊन. माशीला तेवढे पुरत होते. बायकोला कसे पुरावेत?

मीरा रोडला पुसलेला डेटा परत काढून देणारा बंटी आहे. त्याच्याकडे ती कॅमेऱ्याचं कार्ड घेऊन गेली. त्यानं खटपट केली आणि मान हलवली. "मॅडम, इसके ऊपर कितनी बार नया भर दिया आपने. पुराना कुछ नहीं बचा." मग संस्थेतल्या सरांना फोन केला. सर हळहळले आणि म्हणाले, पुढच्या वेळी बॅकअप ठेवत जा. पुढच्या वेळी! कोंडिराम पुन्हा मरणार होते की काय?

बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिनं मोबाइलवर अंधुक फोटो स्वच्छ करणारं एक ॲप उघडलं. त्यात तो डाग घातला. क्षणात चेहरा आला, गुळगुळीत, पांढऱ्या मिशांचा, टीव्ही मालिकेतल्या सासऱ्यासारखा. कोंडिरामांना मिशी कुठली? मिशी काढ, गाल आत घे, डावा डोळा बारीक कर, असं ती सांगत गेली. दर वेळी नवाच कुणी भला गृहस्थ हजर व्हायचा. शेवटी थकून त्यातला एक तिनं रवीला पाठवला. खाली लिहिलं, "हे बाबा नाहीत, मशीनचा अंदाज आहे. आईंना दाखवून बघ."

रविवारी ती पांढरी साडी नेसून चेण्याला गेली. खोलीपुढं मांडव होता. बुद्धांच्या नि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी भली मोठी फ्रेम, तिला हार. आतून तोच गृहस्थ हसत होता. "काय जिवंत फोटो आलाय!" पाहुणे म्हणत होते.

संघप्रियानं रवीला बाजूला घेतलं. "दादा, मी लिहिलं होतं ना?"

"वाचलं गं, ताई. पण लोक यायला लागले होते. काहीच नसण्यापेक्षा बरं आहे ना? निदान टॉवेल तरी नाही." बोलता बोलता तो आलेल्या पाहुण्यांकडे वळला.

वंदना झाली, एकेकानं फुलं वाहिली. कमळाबाईंनीही वाहिली आणि येऊन संघप्रियाजवळ बसल्या. बराच वेळ फ्रेमकडे बघून हळूच म्हणाल्या, "मानूस चांगला दिसतो. पर कोन हाय गं ह्यो?"

संघप्रियाला रडू आवरेना. हुंदके देत तिनं सगळं सांगितलं. कमळाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग तिनंच विचारलं, "काढू का आई तो? आधार कार्डाचाच लावू."

"ऱ्हाऊ दे. रवीनं जीव लावून केलाय." मग म्हणाल्या, "पर रोज ह्योच समोर असनार. बघून बघून मलाबी ह्योच आठवंल ना माय? मग त्यास्नी कुठं हुडकू?"

संघप्रियानं डोळे मिटले आणि बाजेवरचे कोंडिराम आठवू लागली. बाज आली, टॉवेल आला. मग ते तिच्याकडे बघून हसले, आणि ते हसू फ्रेममधलं होतं.