कडुनिंबावरची अळंबी आणि झोळी

मंडळी, घाईत लिहितोय, टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

सकाळी सोलापूरबाहेरच्या वनात गेलो होतो. कडुनिंबाच्या बुंध्यातून फळीसारखी निघालेल्या तांबूस अळंबीचा फोटो गेल्या महिन्यात इथं ग्रुपवर ओळखायला टाकला होता ना, तीच पुन्हा बघायला. खालून बारीक छिद्रं दिसली, ओळख पक्की. सहज खोडावर थाप मारली तर रिकाम्या रांजणासारखा आवाज. पेन टोचलं, निम्मं आत गेलं! अळंबीनं खोड आतून पार कुजवलं होतं.

तेवढ्यात खोडाच्या पलीकडून रडणं ऐकू आलं. फांदीला झोळी, झोळीत तान्हं बाळ.

मी ओरडलोच. शेळ्या राखणारी त्याची आई धावत आली. "काय न्हाय व्हत सर, थोरलीबी ह्याच फांदीला झोपायची की!"

वारा सुटला. खोड करकरलं. तिनं बाळाला उचललं आणि मागं न बघता पळाली.

वनखात्याला कळवलंय. झाड अजून उभंच आहे.

आत्ता ती जुनी पोस्ट उघडली. अळंबीचं नाव तुम्ही बरोब्बर सांगितलं होतं, मी सगळ्यांच्या कमेंटला बदाम दिले होते. फोटोच्या कोपऱ्यात झोळी स्पष्ट दिसतेय.

आपल्यापैकी एकालाही ती कशी दिसली नाही?