इवायांचा ऊलाँग

माझ्या मुलीच्या लग्नात इवायांच्या हातात निवलेला चहा पडला. इवाई म्हणजे तिचे सासरे. मांडवात तेव्हा अर्धा वणी तालुका जेवत होता, शिवाय लग्नाशी काही संबंध नसलेले चंद्रपूरकडचे लोकही होते. त्या गर्दीत एक कप निवला तर काय आभाळ कोसळणार होतं? कोसळलं. "आता तुमच्या घरी पाय ठेवणं नाही," म्हणून इवाई उठले. तेव्हापासून ते दर बाजाराला मुकुटबनहून वणीला यायचे, आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायचे, पण मान वळवायचे नाहीत. मुलगी एकटीच माहेरी यायची आणि जाताना अशी रडायची, की रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक हॉर्न वाजवणं विसरत.

यंदा तिनंच त्यांना राजी केलं. फोनवर म्हणाली, "बाबा, येऊन राह्यले ते बुधवारी. पण डॉक्टरनं दूध-साखर बंद केली. तुमच्या जावयानं त्यायले ऊलाँग चहा लावून देला. असली-नकली वासावरून ओळखतेत. या खेपेले बिघडलं तं पुन्हा मले सांगू नका."

मी दोन ठिकाणांहून पत्ती मागवली. यवतमाळच्या दुकानातलं चकचकीत पाकीट फोडलं, तर असा वास सुटला की पूजा समजून शेजारच्या दोन बाया हळदीकुंकवाला आल्या. चिमूटभर थंड पाण्यात टाकली, पाणी लगेच रंगलं. खरी पत्ती इतकी उतावळी नसते, असं सिलिगुडीला नोकरीवर असलेल्या पुतण्यानं बजावलं होतं. त्यानं पाठवलेल्या पुडीत काळपट हिरव्या, घट्ट गोळ्या होत्या. वहिनीनं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाच्या बायकोनं, चष्मा लावून पाहिलं.

"भाऊजी, ह्या तं बकरीच्या लेंड्या हायेत!"

गरम पाण्यात त्याच लेंडीतून देठासकट अख्खं पान उलगडलं, मधे हिरवं, कडेला तांबूस. माझ्या तळहाताएवढं होतं. बरं, अंगठ्याएवढं.

बुधवारी इवाई आले. ओसरीतल्या खुर्चीच्या टोकावर बसले, चपला पायातच. आत मी पाणी उकळून जरा निवू दिलं, पहिलं पाणी पत्तीवर फिरवून फेकलं, दुसरं मिनिटभर ठेवून कपात गाळलं. सोनेरी रंग आला. कप घेऊन निघालो तर दारात वहिनी आडवी, हातात दुधाचं भांडं.

"कोरा चहा देता? कोरा चहा मयताच्या घरी देतेत!"

खरं होतं. आमच्याकडे घरात कोणी गेलं की चहात दूध पडत नाही. आठवडाभर पत्तीचा अभ्यास करून मी नेमकं हेच विसरलो होतो.

"डॉक्टरनं दूध बंद केलं त्यायचं, वहिनी."

"मंग कोणी मेलं नाही, एवढं तं सांगा!"

आणि मी थांबवायच्या आत ती डोक्यावरचा पदर सावरत ओसरीत गेली. "इवाईबुवा, आमच्या घरी सगळे जिते हायेत. चहा तेवढा कोरा हाये."

इवायांनी तिच्याकडे पाहिलं, कपाकडे पाहिलं. माझ्या छातीची धडधड खाणीतल्या मशीनलाही ऐकू गेली असेल. मग ते असे हसले, की छपरावरची कबुतरं थेट यवतमाळपल्याड नेरपर्यंत उडाली असतील. कप नाकाशी नेला, एक घोट घेतला.

"असली हाये," ते म्हणाले. "पण पत्ती फेकू नका जी. हिच्यावर अजून पाणी चालते."

"मालूम हाये."

मी दुसऱ्या कपाला पाणी टाकलं, तिसऱ्याला टाकलं. चौथ्या कपाला त्यांच्या चपला खुर्चीखाली गेल्या. पाचव्याला ते कापसाच्या भावावरून माझ्याशी भांडले, सहाव्याला वहिनीनं न विचारता त्यांच्या नावाची भाकरी थापायला घेतली. तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, निघाले का ते?"

इवायांनी फोन माझ्या हातातून घेतला. "पत्तीत दम हाये अजून. मी जेवूनच निघतो. तू सकाळी माहेरी ये, अन् चार दिवस राह्य."