आठ दिवसांची वाघी

जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. गोठ्यातल्या शेणासारखे ते रोज पडतात, आणि आवरले नाहीत तर साचतात. मी उंब्रजला बरीच वर्षं ड्रेसर होतो, म्हणजे डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली मलमपट्टी करणारा. रिटायर झाल्यावर मित्रमंडळी जमली की दवाखान्यातलं काहीतरी निघतंच. पण शेवटी सगळ्यांना ऐकायची असते ती वाघी.

पंच्याण्णवची दिवाळी नुकतीच झाली होती. कवठे महांकाळकडचे मेंढके कळप घेऊन कोकणात निघाले होते. हायवे ओलांडताना त्यांच्या वाघी नावाच्या कुत्रीला जीपची धडक बसली. मायाप्पा नावाचा मेंढका तिला घोंगड्यात गुंडाळून, खांद्यावर टाकून दवाखान्यात आला. मागचा पाय मोडला होता. साहेबांनी प्लास्टर घातलं आणि दीड महिना हलवायचं नाही म्हणून सांगितलं.

कळप थांबणार नव्हता, पुढं घाट होता. मायाप्पा हात जोडून एवढंच म्हणाला, "येताना नेतो, सायेब."

साहेबांनी कंपाउंडरकडं बघितलं, कंपाउंडरनं माझ्याकडं बघितलं. माझ्या मागं बघायला कुणी नव्हतं. क्वार्टर दवाखान्याच्या मागंच, आणि घरात आधीच एक कुत्रा असलेला मी एकटाच!

बायको सुनंदानं दारातच विचारलं, हे काय. मी म्हटलं, पेशंट आहे. किती दिवस? म्हटलं, आठ.

मायाप्पा परत येणार होता पावसाच्या तोंडावर. म्हणजे सात महिन्यांनी.

*

आमचा बंड्या हा तसा गरीब कुत्रा. मांजराला घाबरायचा. घरात दुसरं कुत्रं आलेलं बघून तो एक शब्द बोलला नाही, उठला आणि कुंपणाबाहेर जाऊन बसला. दोन दिवस त्यानं ताटलीला तोंड लावलं नाही. सुनंदा कासावीस झाली. मुक्या जीवाचं मन मोडलं म्हणून मला बोल लावले, ते मी ऐकून घेतले. त्याला गोडाचा शिरासुद्धा करून झाला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि म्हणाल्या, "आवं, तुमी गावाला गेलता का? बंड्या दोन दिस आमच्यातच जेवतोय. काल तर मटान हुतं."

*

वाघीचा उपास मात्र खरा होता. तीन दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नाही. नुसती वाटेकडं तोंड करून पडायची. साहेब म्हणाले, हाडाचं मी बघतो, पण खाल्लं नाही तर अवघड आहे.

सुनंदा तोवर तिच्यापासून चार हात लांबच होती. त्या संध्याकाळी तिनं बाजरीची भाकरी दुधात कुस्करली आणि अंगणात, वाघीपुढं मातीतच बसली. किती वेळ बसली कुणास ठाऊक. काही बोलत होती, मला ऐकू येत नव्हतं. शेवटी वाघीनं मान लांब केली आणि तिच्या हातातला घास घेतला.

सुनंदा आत आली ती पदरानं डोळे पुसत. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, धूर लागला.

आमच्याकडं गॅस होता.

*

प्लास्टर निघाल्यावर वाघी जरा लंगडत, पण हिंडू लागली. आता सारी जिंदगी मेंढरं राखलेल्या कुत्रीनं क्वार्टरमध्ये करायचं काय? मिळेल ते ती राखायची. कोंबड्या गोळा करायची. दवाखान्याबाहेर थांबलेल्या शेळ्या एका ओळीत लावायची. साहेब म्हणायचे, स्टाफमध्ये हिच्याएवढं काम कुणी करत नाही.

संक्रांतीला सुनंदानं हळदीकुंकू केलं. बारा-तेरा बायका आल्या. एक जण जायला उठली की वाघी शांतपणे आडवी यायची आणि तिला परत घोळक्यात आणून बसवायची. भुंकणं नाही, चावणं नाही. त्या वर्षी एकही बाई उखाणा घेतल्याशिवाय घरी गेली नाही!

*

बंड्याचं आणि तिचं जमलं ते वळवाच्या पावसात. वीज कडाडली की बंड्या कॉटखाली शिरून थरथरायचा. वाघी कधी उंबऱ्याच्या आत येत नसे. त्या दिवशी ती लंगडत आत आली, कॉटखाली सरकली आणि बंड्याच्या मानेवर मान टाकून पडून राहिली. दुसऱ्या दिवसापासून बंड्या जेवायला बसायच्या आधी ती आली का ते बघायचा.

*

मृग लागायच्या सुमारास मायाप्पा आला. सुनंदानं चार दिवस मनात घोकून ठेवलं होतं, की म्हणायचं, हिला आमच्याकडंच राहू द्या. पण फाटकाबाहेर मायाप्पाची नुसती हाक आली आणि वाघी अशी धावली, की सुनंदानं ते मनातच ठेवलं. तिनं वाटेसाठी भाकरी बांधून दिली. मायाप्पानं वाघीचा पाय दाबून बघितला, आम्हा दोघांच्या पाया पडला आणि तिला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या गायब.

आम्ही दहा-बारा दिवस शोधला. ओढा बघितला, हायवे बघितला. सुनंदा जेवेना. तेवढ्यात एक पोस्टकार्ड आलं, कवठे महांकाळजवळच्या एका वाडीहून. मायाप्पानं तिथल्या गुरुजींकडून लिहवून घेतलं होतं. तुमचा कुत्रा कळपामागं चालत इकडे आला आहे. खुशाल आहे. काळजी नसावी.

मी रजा टाकून एसटीनं गेलो. उन्हात वाडी गाठली. मेंढरांच्या वाड्यापाशी बंड्या वाघीला टेकून झोपला होता. मला बघून त्यानं शेपूट हलवलं, पण उठला नाही.

मायाप्पानं सांगितलं, तीन गावं त्याला हाकलून दमलो, मग नाद सोडला. वाघीचं विचारलं तर त्यानं डोंगराकडं बोट केलं. मग म्हणाला, पाय चढाला धरत नाही. औंदा घाट तिला व्हायचा नाही.

त्याच्या बायकोनं, ताराबाईनं, चहा दिला. मी बंड्याच्या गळ्यात दोरी बांधली. निघताना ताराबाई दुसरी दोरी घेऊन आली. तिच्या टोकाला वाघी होती. ती दोरी तिनं माझ्या हातात दिली. मी काही बोलायच्या आत म्हणाली,

"धोंड्याचा महिना हाय, दादा. दारात आलेल्या जावयाला मोकळं कसं लावायचं?"